डेटा सेंटर नवी मुंबईत, ऑर्डर शिरोलीला?

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत आमची फाउंड्री आहे, शेजारी फॅब्रिकेशनचं शेड. देशभर डेटा सेंटर (माहिती साठवणारे मोठे संगणक, म्हणजे सर्व्हर, ठेवण्याची केंद्रं) उभी राहत आहेत म्हणतात. आम्हाला त्यातून काम मिळेल का? नवं मशीन घ्यावं का? – एक उद्योजक, शिरोली

उत्तर : बातमीतले एकर आणि कोटी सोडा, मेगावॉट बघा. समजा सर्व्हरचा भार १० मेगावॉट आहे. कूलिंग वगैरे धरून एकूण गरज दीडपट, म्हणजे १५ मेगावॉट. वीज गेली की हा भार जनरेटर उचलतात. २५०० केव्हीए क्षमतेचा एक जनरेटर ०.८ पॉवर फॅक्टरला (क्षमतेपैकी प्रत्यक्ष कामी येणारा भाग) २ मेगावॉट देतो. म्हणजे आठ जनरेटर आणि एक राखीव, असे नऊ. पैसा इमारतीत कमी, वीज आणि कूलिंगच्या सामानात जास्त जातो. तुमचा वाटा तिथेच: इंजिनाचे भाग, पंपाची केसिंग, बटरफ्लाय व्हॉल्व्हच्या बॉडी. डिझेल इंजिनं तर कागलच्या पंचतारांकित वसाहतीतच बनतात.

एआयमुळे हे काम वाढतंय. पूर्वी एका रॅकला (सर्व्हर बसवायच्या कपाटाला) साधारण ५ ते १० किलोवॉट लागायचे. आता काही रॅक १०० किलोवॉटच्या पुढे गेलेत. एवढी उष्णता नुसत्या हवेनं निघत नाही, पाणी रॅकपर्यंत न्यावं लागतं. चिपजवळची पाइपिंग मात्र स्टेनलेसची आणि फार स्वच्छ लागते. त्या वाटेला लगेच जाऊ नका.

माल परत येतो तो बहुधा कागदांमुळे. प्रत्येक नगावर हीट नंबर (भट्टीतल्या कोणत्या वितळणीचा माल, तो क्रमांक) आणि त्याच हीटचं केमिकल व टेन्साइल (ताण सोसण्याच्या ताकदीचं) सर्टिफिकेट हवं. पंप, व्हॉल्व्हच्या बॉडीची हायड्रो टेस्टही (पाण्याच्या दाबाची चाचणी) करावी लागते. बारीक पोरॉसिटी (ओतकामातली छिद्रं) तिथेच उघडी पडते.

फॅब्रिकेशनमध्ये केबल ट्रे आणि सपोर्ट. वेल्डिंग आणि ड्रिलिंग आधी उरका, हॉट-डिप गॅल्वनायझिंग (वितळलेल्या जस्तात बुडवून लेप देणं) नंतर. उलट केलं की जस्त जळतं आणि सांध्यावर गंज धरतो. सर्व्हर हॉलच्या आत झिंक प्लेटिंग (विजेनं चढवलेला जस्ताचा थर) केलेला माल तर देऊच नका: त्यावर काळानं केसासारखे जस्ताचे तंतू उगवतात, हवेबरोबर सर्व्हरमध्ये जातात आणि शॉर्ट सर्किट करतात.

मशीन आत्ता नको. आधी पंप किंवा इंजिन कंपनीकडून सॅम्पल मंजूर करून घ्या. उद्यम नोंदणीही (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करा. सूक्ष्म-लघु उद्योगाचं पेमेंट कायद्यानं जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं.

प्रश्न : मोठं डेटा सेंटर कोल्हापुरात का येत नाही? – एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : इंटरनेटच्या समुद्राखालच्या केबल मुख्यतः मुंबई आणि चेन्नईला किनाऱ्याला लागतात, बँकांसारखी मोठी गिऱ्हाइकं मुंबईत. व्यवहारांचा डेटा देशातच ठेवा, असं रिझर्व्ह बँकेनं २०१८ मध्ये सांगितल्यावर नवी मुंबईतल्या ऐरोली-महापे या डेटा सेंटरच्या पट्ट्याला आणखी जोर आला. गुगलनं २०२५ मध्ये विशाखापट्टणमसाठी १५ अब्ज डॉलर जाहीर केले, तेही किनाऱ्यावरचंच शहर. शिवाय २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला होता; जनरेटरच्या डिझेलचा टँकर अडला तर डेटा सेंटरवाल्याची झोप उडते. स्थानिक बँका, रुग्णालयांसाठी छोटं केंद्र इथं चालू शकेल, पण जागा पूररेषेच्या बाहेरच हवी.