मॉडेल रेल्वेच्या मासिकांना घरघर का लागली, आणि वर्गणी भरावी का?

माथेरानच्या गाडीचा लेआउट (रूळ, डोंगर, स्टेशनांसकटची छोटी प्रतिकृती) करताना परदेशी मासिकाची वर्गणी भरावी की यूट्यूबवर भागवावं, आणि 'मॉडेल रेलरोडर'सारखं नव्वद वर्षांचं मासिक विकायची वेळ का आली, असे दोन प्रश्न तुम्ही विचारलेत. आधी दुसरा घेतो.

ए. सी. काल्मबाख यांनी जानेवारी १९३४ मध्ये, ऐन मंदीत, अमेरिकेतल्या मिलवॉकीत हे मासिक सुरू केलं. त्या काळी एकाच्या चाकांचा दुसऱ्याच्या रुळांशी मेळ बसेलच असं नसायचं. १९३५ मध्ये मिलवॉकीतच एनएमआरए ही हौशी लोकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. त्यात काल्मबाख पुढे होते, आणि चाकांची नि रुळांची मापं तिने ठरवून दिली. आज आपण एका कंपनीचा डबा दुसऱ्या कंपनीच्या रुळावर बिनधास्त ठेवतो ते या मंडळींच्या खटाटोपामुळे. म्हणून मे २०२४ मध्ये काल्मबाख कंपनीने 'ट्रेन्स' वगैरे भावंडांसकट हे मासिक फायरक्राउन मीडियाला विकलं, तेव्हा मला फार वाईट वाटलं.

वाचक घटले हे खरंच. पण माझ्या मते वर्मी घाव बसला तो जाहिरातींवर. जुना अंक कुठे मिळाला तर चाळून बघा. मागची पानंच्या पानं छोट्या जाहिरातींची: गावोगावची हॉबी शॉप्स, टपालाने माल पाठवणारे व्यापारी, घरच्या गॅरेजात इमारतींचे किट बनवणारे एकांडे कारागीर. यांतली कितीतरी दुकानं पुढे बंद पडली. मोठ्या कंपन्यांची रीतही बदलली. आता नवं इंजिन जाहीर होतं, आगाऊ मागणी घेतली जाते आणि त्या अंदाजाने मोजकेच नग चीनमध्ये बनवून घेतले जातात. छापील अंकाचा मजकूर कित्येक आठवडे आधी पक्का करावा लागतो. अंक वाचकाच्या हाती पडेपर्यंत आगाऊ मागणीची मुदत संपत आलेली असते. मग कंपनीने त्या पानाचे पैसे का मोजावेत? ती आपल्या गिऱ्हाइकांना थेट ईमेल करते. जाहिरात गेली की पानं कमी होतात, पानं कमी झाली की वर्गणीदार कुरकुरतो. खप उतरला की प्रत्येक प्रत महाग पडते, कारण संपादकांचे पगार, आराखडे काढणाऱ्यांची मजुरी आणि छपाईची जुळवाजुळव यांचा खर्च प्रती निम्म्या झाल्या म्हणून निम्मा होत नाही. वर टपाल आणि कागद आहेतच.

न्यू जर्सीची कार्स्टेन्स पब्लिकेशन्स ऑगस्ट २०१४ मध्ये कायमची बंद झाली. तिच्याकडचं १९३३ पासूनचं 'रेलरोड मॉडेल क्राफ्ट्समन' आणि 'रेलफॅन अँड रेलरोड' ही दोन्ही व्हाइट रिव्हर प्रॉडक्शन्सने उचलली म्हणून वाचली. त्याच घरातलं मॉडेल विमानांचं 'फ्लाइंग मॉडेल्स' मात्र संपलं.

टिकलेल्यांकडे पाहिलं की गोष्ट आणखी स्पष्ट होते. इंग्लंडचं 'रेल्वे मॉडेलर' १९४९ पासून चालू आहे. ते ज्या पेको घराण्याचं आहे, ते मुळात मॉडेल रेल्वेचे रूळ बनवतं. नुसत्या मासिकावर पोट असलेल्या प्रकाशकाला हा आधार नसतो. '००९ न्यूज' हे ००९ सोसायटीचं, म्हणजे १:७६ प्रमाणात अरुंद रुळांच्या गाड्या करणाऱ्या हौशींच्या संस्थेचं पत्रक सभासदांच्या वर्गणीवर चालतं. 'मॉडेल रेलरोड हॉबीइस्ट' २००९ मध्ये ऑनलाइन आणि पूर्ण फुकट सुरू झालं, भिस्त जाहिरातींवर. पुढे त्यांनाही विकतचा भाग काढावा लागला.

आता तुमचा लेआउट. रंगकाम, झाडं, सोल्डरिंग यांत हात कसा चालवायचा हे व्हिडिओतून उत्तम कळतं, त्यासाठी मासिक घेऊ नका. पण माथेरानचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, ६१० मिमी. ००९ मध्ये, म्हणजे १:७६ प्रमाणात, ९ मिमी रूळ वापरलात तर तो हिशेबाने ६८४ मिमी होतो. हा फरक चालवून घ्यायचा की ८ मिमीचे रूळ स्वतः घालायचे, चढावर इतक्या छोट्या इंजिनाला वजन कुठे द्यायचं, घट्ट वळणावर डब्यांमध्ये अंतर किती ठेवायचं, अशा गोष्टी मापं टाकलेल्या रेखाचित्रातूनच नीट समजतात. ते रेखाचित्र संपादकाने तपासलेलं असतं, चुकलं तर पुढच्या अंकात दुरुस्ती येते. माझ्यासाठी वर्गणीचे पैसे तिथेच वसूल होतात.

म्हणून सर्वसाधारण मोठ्या मासिकाऐवजी तुमच्या विषयाचं छोटं धरा. १९७५ पासूनचं 'नॅरो गेज अँड शॉर्ट लाइन गॅझेट' किंवा ००९ सोसायटीचं सभासदत्व, दोन्हींपैकी एक पुरे. परदेशी टपालखर्च वर्गणीला भारी पडतो, तेव्हा डिजिटल आवृत्ती मिळत असेल तर तीच घ्या. अमेरिकन मासिकाची लांब मुदतीची वर्गणी भरण्याआधी वर्षअखेरच्या सुमाराचा एखादा अंक मिळवा. सवलतीच्या टपालदराने जाणाऱ्या मासिकांना तिथे दरवर्षी मालकी आणि खपाचं निवेदन छापावं लागतं. छापलेल्या प्रती, वर्गणीदार, स्टॉलवरून परत आलेले अंक, सगळं त्यात असतं. दोनतीन वर्षांचे आकडे शेजारी ठेवले की तब्येत कळते. आकडे झपाट्याने उतरत असतील तर एका वर्षापुरतेच पैसे भरा.

आणि एक करा. या मासिकांतले बरेचसे लेख हौशी वाचकांनीच लिहिलेले असतात. पुढच्या वेळी नेरळहून वर जाल तेव्हा परवानगी काढून जुम्मापट्टी स्टेशनच्या इमारतीची मापं घ्या, चारी बाजूंचे फोटो काढा आणि आराखडा करून पाठवा. रेखाचित्रात अडलात तर मला दाखवा, मी तपासून देईन.