ओंजळभर पाणी, आज

प्रिय मुली,

तुझा मेल दोनदा वाचला. मैत्रिणीकडे मेसचे पैसेही उरले नाहीत, त्यावर चिनी म्हण झकास टाकलीस: श्युए चुंग सुंग थान, बर्फात कोळसा पोचवणं. आणि लगेच पुढच्या ओळीत, 'पण सर, जूनमध्ये इंटर्नशिपचे पैसे सुरू झाले की मैत्रिणीची वर्षाची फी मीच भरेन.' अगं, बर्फ तुझ्या इंटर्नशिपसाठी थांबणार आहे का?

चार अक्षरं घोकलीस, वाचली नाहीस. त्यात महत्त्वाचा कोळसा नाही, बर्फ आहे. तिला नोकरी लागल्यावर भारी पार्टी देशील, त्याला चिनी माणूस चिन शांग थ्येन हुआ म्हणेल. किनखापावर आणखी फुलं. द्यावीत, पण ती मदत नव्हे.

जुना चिनी तत्त्वज्ञ च्वांग-त्स उसनं धान्य मागायला एका सरदाराकडे गेला. सरदार म्हणाला, 'माझा सारा वसूल होऊ दे, तीनशे मोहरा देतो.' च्वांग-त्सचा चेहराच बदलला. म्हणाला, येताना गाडीच्या चाकोरीत एक मासा तडफडत होता. त्यानं थोडंसं पाणी मागितलं. मी म्हटलं, दक्षिणेच्या राजांना भेटून नदीच वळवून आणतो. मासा चिडून म्हणाला, मग मला सुक्या मासळीच्या दुकानात शोध!

तो सरदार मी आहे, म्हणून एवढा तापतोय. 1987 साली माझ्या वर्गमित्राला परीक्षेच्या फॉर्मसाठी तीनशे रुपये कमी पडले. मी म्हटलं, 'दिवाळीचा बोनस येऊ दे, पुढची दोन्ही सत्रं माझ्याकडे लागली.' मनापासून म्हटलं होतं. कंजूष नव्हतो मी. बहिणीचं लग्न तोंडावर होतं, पगार जेमतेम. पण खिशात दीडशे होते. ते दिले नाहीत, कारण दीडशे देणं मला हलकं वाटलं! बोनस घेऊन त्याच्या खोलीवर गेलो तर दाराला कुलूप. गावी गेला तो परत आलाच नाही. खाकी पाकीट हातात धरून जिन्यात बसलो होतो. बैल गेला नि झोपा केला.

म्हणून सांगतो, ओंजळभर पाणी. आज. नदी नको.

आपल्या सोलापूरचे डॉ. कोटणीस 1938 मध्ये चीनला गेले, तेही तिथं युद्ध चालू असताना. 'आधी इथं जम बसवतो' म्हणाले असते तर कोणी नावं ठेवली नसती. 1942 मध्ये तिथंच वारले, वय 32. माओंनी लिहिलं, सैन्यानं एक मदतीचा हात गमावला. चिनीत मदतीसाठी 'एका बाहूचं बळ' असंच म्हणतात. हात जवळ असावा लागतो. तू मात्र जूनमध्ये पाठवणार!

मैत्रीण मानी आहे म्हणतेस, ते खरं. जुन्या चीनमधल्या छी राज्यातल्या दुष्काळात एकानं रस्त्यावर अन्न मांडलं आणि भुकेल्याला 'ए, ये, खा!' म्हणून हाक मारली. तो जेवला नाही. मागाहून माफी मागितली तरी नाही, उपाशी मेला. तेव्हा पैसे तिच्या हातावर ठेवू नकोस. मेसवाल्या काकूंकडे दोघींचे भर, आणि बदल्यात तिच्याकडून चिनी लिपीचा सराव करून घे. तुझी अक्षरं तशीही गचाळ आहेत.

पाच तारखेला तिची मेस बंद होते म्हणालीस. आज तीन तारीख आहे.

तुझा,
सर