काखेतली गळवं आणि मुंबईचा घाम
अगं, काखेत सारखी गळवं येतात म्हणतेस, तर आधी एक गोष्ट मनात पक्की कर: हायड्राडेनायटिस, म्हणजे ही पुन्हा पुन्हा गळवं येण्याचा त्वचेचा आजार, अस्वच्छतेमुळे होत नाही, कुणाला लागतही नाही. केसाच्या मुळाशी छिद्र बुजतं, आत दाह होतो आणि काखेत-जांघेत त्याच जागी गळू पुन्हा येतं. म्हणून खसाखसा घासणं बंद. पिळणं तर नाहीच.

कशाने उठतं ते शोधायला रोज वहीत दोन ओळी लिही: घाम, कपडे, पाळी, झोप, खाणं. एका वेळी एकच गोष्ट बदल आणि काही आठवडे थांब. दूध, गहू, साखर सगळं एकदम सोडलंस तर कळणार काहीच नाही, वर उपाशी राहशील. माझ्या मते खाण्यापिण्यापेक्षा आधी घर्षण बघ. लोकलमध्ये कडी धरून तासभर उभं राहणं, कुर्त्याची घट्ट बाही, ब्राची पट्टी, रेझर. पिशवीत सैल सुती टॉप ठेव, ऑफिसात पोचलीस की बदल. पाळीच्या आधी बऱ्याच जणींचं वाढतं. सिगारेट ओढत असशील तर सोड. इथे मी गोड बोलणार नाही.

केमिस्टकडून स्टिरॉइडचं मलम परस्पर आणू नकोस. केईएम रुग्णालयाच्या त्वचारोग ओपीडीत दाखव आणि फोटो काढून ने, कारण नंबर लागेपर्यंत गळू बसलेलं असतं. ताप आला किंवा लाली पसरत गेली तर मात्र लगेच जा.