आजीचं लग्न कोणत्या साली झालं?

धरमपेठ, नागपूर

पोरी,

वर्षश्राद्धाला नातेवाइकांत वाटायला म्हणून तू आजीवर लिहिलेली चार पानं काल रात्री वाचली. पहिल्याच पानावर प्रेमळ, मायाळू, कष्टाळू, सोशिक... सात विशेषणं मोजली मी. सगळी काढून टाक. रागावू नको, माझ्या आईच्या वेळी मीही हेच केलं होतं. 'त्यागमूर्ती' वगैरे. आत्यानं ते वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "ही कोण बाई रे?" आई मिश्री लावायची, पत्त्यांत उघड उघड लबाडी करायची, आणि पकडली गेली की पदर तोंडाला लावून हसायची. त्यातलं एक अक्षर मी लिहिलं नव्हतं.

तुझ्या चार पानांत आजी एकदाच बोलते, आणि तिथेही तू तिला शाळेत घातलंस. "मी इतक्यात मरणार नाही" असं तुझी आजी म्हणेल? ती म्हणाली असणार, "मी काय एवढ्यात मरून राहिली का?" ते तसंच ठेव. कोथिंबिरीला ती सांबार म्हणायची, तर सांबारच लिही. पुण्याच्या मामेबहिणीला कळलं नाही तर ती फोन करून विचारेल. बरंच आहे की.

आता सालाचं. लग्न 1948 सालचं, असं तू लिहिलंस. कशावरून? आधार कार्डावरची तिची जन्मतारीख 1 जुलै आहे, म्हणजे ती बहुधा मास्तरांनी ठोकून दिलेली. तिच्या पिढीतल्या बायकांची सालं कागदावर शोधायला गेलीस तर फसशील. त्या दुसऱ्या खुणांनी मोजायच्या. तू पाठवलेल्या रेकॉर्डिंगमध्ये ती काय म्हणते, पुन्हा ऐक. "आमच्या पहिल्या धोंड्याला बाबांनी जावयाला तेहेतीस अनारसे दिले, अन् त्याच महिन्यात झेंडे लागले." धोंडा म्हणजे अधिक महिना. 15 ऑगस्ट 1947 ला अधिक श्रावणच चालू होता. तोच महिना 1966, 1985, 2004 आणि परवा 2023 मध्ये पुन्हा अधिक आला, एकोणीस-एकोणीस वर्षांनी. म्हणजे तिचं लग्न फार तर त्या उन्हाळ्यातलं, 1948 चं नाहीच. तुझ्या आजीनं तारीख सांगितली होती गं, आपण अनारशांत रमलो.

माहेरचं नावही विचारून घे. चारही पानांत ते नाही. बासष्ट वर्षांच्या संसाराआधी ती कोणाची तरी मुलगी होती, आणि तिचा शाळेचा दाखला कुठे सापडलाच तर त्याच नावानं सापडेल.

बालपण, नातवंडं, काशीयात्रा हे सगळं एका पानात बसव, चालेल. पण तिसऱ्या पानावरचं एक वाक्य मला झोपू देईना. "1956 मध्ये आजोबांची मुंबईला बदली झाली." बस? 1 नोव्हेंबर 1956 ला नागपूरची राजधानी गेली. विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि सेक्रेटरिएटमधली किती घरं अर्धी इथे, अर्धी तिथे झाली. (त्याच्या अठराच दिवस आधी, 14 ऑक्टोबरला, दीक्षाभूमीवर लाखो माणसं आली होती. ती गर्दी आजीनं पाहिली का, कोणी विचारलं होतं तिला?) आजोबा गेले. इथल्या महाल भागातल्या दोन खोल्यांत तीन लेकरं घेऊन राहिली ती तुझी आजी. आणि वाक्याचा कर्ता मात्र आजोबा.

तू हिशोबाच्या वहीचे फोटो सहज म्हणून जोडलेस. मी भिंग घेऊन बसलो होतो. एप्रिल 1957 पासून नवे पैसे आले, रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर पैसे झाले. आणा पडला सव्वासहा पैशांना. भल्याभल्यांचा गोंधळ उडत होता. तुझी आजी, जिला तू 'फारसं न शिकलेली' लिहिलंस, ती एकाच ओळीत डावीकडे आणे आणि उजवीकडे नवे पैसे मांडते. दूध, रॉकेल, सरगुंड्यांसाठी गहू, सगळं दोन्हींत. सव्वाचा पाव कुठे सोडायचा आणि कुठे धरायचा, हेही तिनं ठरवून टाकलेलं दिसतं. भाजीवाल्याला सोडलेला, घरभाड्यात धरलेला.

तशीच ती महिन्याच्या सुरुवातीला 'मुंबई म.ऑ.', म्हणजे मनीऑर्डर, लिहिते. जूनच्या पानावर ते नाही. त्याऐवजी एकच शब्द, 'बांगडी', आणि पुढे रक्कम. जुलैत म.ऑ. पुन्हा आहे. बांगडीचा उल्लेख वहीत परत कुठेच नाही.

हे फक्त तिची धाकटी बहीण सांगू शकेल, आणि तीही आता नव्वदीला टेकली आहे. या रविवारी इतवारीत तिच्याकडे जा. दुपारी ती पडलेली असते, चारनंतर जा. संत्र्याची बर्फी नेऊ नको, तिला साखर आहे. फोन टेबलावर ठेव, रेकॉर्डिंग सुरू केलंय हे तिला सांग, आणि आधी आजीबद्दल काही विचारू नको. वही तिच्या हातात दे, जूनचं पान उघडून.

तुझा,
काका