दोन वर्षं नुसते अलंकारच! क्लास बदलू का?

तुम्ही विचारलंय की मुलगी नऊ वर्षांची आहे, दोन वर्षं पेटी शिकतेय, सर अजून अलंकारच (सारेग, रेगम असे स्वरांचे पलटे) घेतात, प्रारंभिक या पहिल्या परीक्षेला बसवत नाहीत, शेजारची मुलं गाणी वाजवतात; मग क्लास बदलावा का?

एवढ्यावरून बदलू नका.

मी बेळगावात, शहापूरला पेटी शिकलो. माझे पहिले शिक्षक चूक झाली की बोटांवर फूटपट्टी मारायचे. वर्षभरात पाच-सहा गाणी बसली, पण पेटी उघडायची म्हटलं की पोटात गोळा यायचा. मग वडिलांनी दुसऱ्या सरांकडे घातलं. त्यांनी कित्येक दिवस मला फक्त सा धरायला लावला. उजव्या हाताचं एक बोट पट्टीवर, डावा हात भात्यावर, डोळे मिटलेले. आवाज जरा फुगला किंवा दबला की ते माझ्या हातावर आपला हात ठेवून भाता हलवायचे. तो दाब मला अजून आठवतो. रागावणं नाही, एवढंच म्हणायचे, "मोदलु केळू." आधी ऐक. (ते कन्नड, आम्ही मराठी, क्लासात दोन्ही चालायचं.) पुढे प्रत्येक ओळ आधी गायची, मगच वाजवायची. कान तयार झाला तो तिथे.

आमच्या बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व लहानपणी मोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गायचे. टाळ्या भरपूर मिळत होत्या. पण मुंबईत बी. आर. देवधरांकडे आल्यावर ते खरे शिकले. देवधर हे गायक-गुरू विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य, तरी शिष्याला एकाच घराण्यात कोंडणारे नव्हते. नाना तऱ्हेचं गाणं कुमारांच्या कानावर पडलं, आणि पुढे नक्कल गळून त्यांचं स्वतःचं गाणं आलं. शेजारच्या मुलांची गाणी ऐकताना हे लक्षात असू द्या.

परीक्षा वाईट नाही, अभ्यासाला शिस्त लागते. वर्षभर उशिरा दिली तर काही बिघडत नाही.

एक दिवस क्लासात कोपऱ्यात बसा. अलंकार चालू असताना सर मोबाईल बघतात की मुलीच्या बोटांकडे? चुकलेला स्वर थांबवून पुन्हा घेतात का? तोच अलंकार कधी दुगुनीत (दुप्पट वेगात), कधी कोमल स्वरांत घेतात का? तसं असेल तर निर्धास्त राहा. नसेल, किंवा क्लासच्या दिवशीच मुलीचं पोट दुखत असेल, तर महिना संपायची वाट बघू नका.