दारी कागदी तुती लावावी का? (वाचकांचे प्रश्न)

प्रश्न: ताई, मागच्या अंकात तुम्ही बागेतल्या कागदी तुतीच्या सालीपासून कागद केल्याचं ओझरतं लिहिलं होतं. तेव्हापासून माझ्या मनात तेच आहे. ओळखीच्या एका बागेतून मला दोन फुटवे मिळू शकतात. माझी बाग घरामागे आहे, वीस फूट रुंद आणि चाळीस फूट लांब. लावू का? आणि कशी लावू?

उत्तर: लावा, पण त्याआधी एक गोष्ट स्वतःशी पक्की ठरवा. दरवर्षी पानगळ झाली की ही झाडं तुम्ही बुंध्यापासून कापणार आहात का? नक्की कापणार असाल तर कागदी तुतीसारखं गुणी झाड नाही. सावलीसाठी वाढवायचा विचार असेल तर माझं ऐका, दुसरं कुठलंही झाड लावा.

मी सोळा वर्षांत दोन्ही करून पाहिलं आहे. पहिलं झाड सावलीसाठीच लावलं होतं. तीन वर्षांत ते छपराच्या वर गेलं आणि मी हरखून गेले. चौथ्या वर्षी बुंध्यापासून वीस-बावीस पावलांवर, फरशीच्या फटीतून एक लवदार कोंब वर आला. उपटला तर तो तुटला आणि महिन्याभरात त्याच जागी दोन आले. पाचव्या वर्षी एका वादळी रात्री झाड आडवं झालं. सकाळी पाहिलं तर मुळांचं ताट उभं राहिलं होतं, जेमतेम गुडघाभर जाडीचं. खाली खोल गेलेलं एकही जाड मूळ नव्हतं. कागदी तुतीची मुळं उथळ असतात आणि लाकूड हलकं, ठिसूळ. अशा झाडाला मोठा डोलारा पेलत नाही.

खोड कापून नेल्यावर खरी परीक्षा सुरू झाली. जमिनीत राहिलेल्या मुळांनी बागभर धुमारे फेकले. सगळी मुळं खणून काढणं अशक्य होतं, कारण मुळाचा बोटभर तुकडा राहिला तरी तो फुटतो. शेवटी दर आठवड्याला दिसेल तो कोंब जमिनीलगत कापत राहिले. पानंच नाहीत तर मुळांना अन्न नाही, या हिशेबाने. दोन वर्षं लागली. तुमच्यापैकी आणखी दोघींनी याच त्रासाबद्दल लिहिलं आहे. त्यांनाही हाच उपाय सांगते. मध्ये एक महिना जरी कंटाळा केला तरी सगळं पहिल्यापासून करावं लागतं. उपटलेली मुळं खताच्या खड्ड्यात टाकू नका. उन्हात पार कडकडीत होईपर्यंत वाळवा.

आता लावण्याबद्दल. भरपूर ऊन आणि पाणी न साचणारी जमीन एवढंच या झाडाला हवं. माती निकस असली तरी चालते. भिंत, गटार, पाण्याची टाकी यांच्यापासून निदान पंधरा फूट दूर राहा. तुमच्या बागेच्या रुंदीत हे जमवायला जागा नीट मोजावी लागेल. वाफ्याभोवती गुडघाभर खोल चर खणा आणि त्यात जाड पत्रा किंवा न कुजणारा जाड प्लास्टिकचा पडदा उभा करा. पडद्याची कड मातीच्या वर चार बोटं राहू द्या, नाहीतर मुळं वरून उडी मारतात. मुळं उथळ असल्यामुळेच हा बांध उपयोगी पडतो.

फुटवा झाड सुप्त असताना, म्हणजे पानं गळलेली असताना, मुळाच्या तुकड्यासकट खणून आणा. लावताना वरची काठी वीतभर ठेवून छाटून टाका. दोन रोपांत चार-पाच फूट अंतर पुरेसं आहे. पहिल्या वर्षी पाणी द्या, पुढे त्याचं ते बघून घेतं. दुसऱ्या हिवाळ्यापासून दरवर्षी जमिनीपासून चार बोटांवर कापा. वसंतात सरळ छड्या फुटतील. त्यातल्या दणकट ठेवा, बाकीच्या काढा. आणि ठेवलेल्या छडीवर बाजूची फूट दिसली की ती कोवळी असतानाच अंगठ्याने चोळून काढा. फांदी फुटलेल्या जागी सालीला पुढे भोक राहतं. पॅसिफिकमधल्या टोंगा, सामोआ, फिजी या बेटांवर याच सालीपासून कापड करतात. तिथे हे काम फार काळजीने केलं जातं, कारण त्यांना साल ठोकून ठोकून रुंद करायची असते आणि त्यात भोक पडून चालत नाही.

त्या बेटांवर हे झाड आपण होऊन उगवलेलं नाही. माणसांनी होड्यांतून फुटवे नेले. पॅसिफिकमधल्या कागदी तुतीचा उगम तैवानमध्ये असल्याचं 2015 मध्ये तिच्या जनुकीय अभ्यासातून दिसलं. हजारो मैलांच्या समुद्रप्रवासात जपून न्यावासा वाटणारा फुटवा तुमच्या हातात येतोय, हे मला तुम्हाला सांगावंसं वाटलं.

प्रश्न: आमच्याकडे आठ वर्षांचं झाड आहे. त्याला गोल, नारिंगी-लाल, गोड फळं येतात असं वाचलं होतं. आम्हाला एकही दिसलं नाही. शिवाय वसंतात घरातल्या लहान मुलीला शिंका आणि डोळ्यांची खाज सुरू होते. याचा झाडाशी संबंध असेल का?

उत्तर: असू शकतो. डॉक्टरांना दाखवाच, आणि झाडाचंही सांगा. पपईसारखीच कागदी तुतीची नर आणि मादी झाडं वेगवेगळी असतात. वसंतात फुलोरा नीट बघा. सुरवंटासारख्या लोंबत्या कणसांचा फुलोरा असेल तर झाड नर आहे आणि त्याला फळ कधीच धरणार नाही. मादीचा फुलोरा गोल गोळीसारखा, बारीक केसाळ धाग्यांनी झाकलेला असतो.

नराचं फूल उमलताना पुंकेसर झटक्यासरशी सरळ होतात आणि पराग हवेत उडतो. ऊन चढल्यावर बारीक धुरासारखा पुंजका मी स्वतः पाहिला आहे. एक झाडच इतका पराग सोडतं, तर हजारो झाडांचं काय होत असेल? इस्लामाबाद वसवताना, 1960 च्या दशकात, शहर लवकर हिरवं व्हावं म्हणून कागदी तुती मोठ्या प्रमाणावर लावली गेली. आज दर वसंतात, विशेषतः मार्चमध्ये, त्या शहरातल्या कितीतरी लोकांना या परागाने दमा आणि ॲलर्जीचा त्रास होतो, आणि झाडं तोडण्याच्या मोहिमा काढाव्या लागल्या आहेत. घानामध्ये 1969 साली कागदाच्या लगद्यासाठी हे झाड नेलं, ते शेतात आणि जंगलात घुसलं. तिथे पक्ष्यांनी आणि वटवाघळांनी फळं खाऊन बिया पसरवल्या. म्हणजे नर लावला तर पराग आणि मादी लावली तर बिया. फुलू देणं हीच मूळ अडचण आहे. दरवर्षी तळापासून कापलेल्या छड्यांना फुलायला वेळच मिळत नाही, म्हणून मी त्या छाटणीबद्दल इतकी आग्रही आहे.

तुमचं झाड नर निघालं तर मुलीसाठी ते काढा. आठ वर्षांच्या झाडावर जीव जडलेला असतो हे मला कळतं, तरीही काढा. ओळखीत कुणी फुटवे मागितले तर एक लक्षात ठेवा, नर झाडाचा प्रत्येक फुटवा नरच असतो.

तुमच्या भागात हे झाड उपद्रवी वनस्पती म्हणून नोंदलेलं असेल तर लावूच नका. इथे मी कुणालाही सवलत देणार नाही.

प्रश्न: एकाच झाडावर काही पानं हृदयासारखी अखंड, काही एका बाजूने खाचलेली, काही तीन-चार ठिकाणी कातरलेली. रोग आहे का?

उत्तर: नाही, हा त्याचा स्वभावच आहे. कोवळ्या, जोमदार फुटीवर कातरलेली पानं जास्त दिसतात, जुन्या फांद्यांवर अखंड. वरून खरखरीत, खालून मखमली आणि देठ तोडल्यावर पांढरा चीक ही ओळख जुळली की निश्चिंत राहा. चीक हाताला लागू देऊ नका, काहींची त्वचा चुरचुरते.

प्रश्न: छड्या कापल्या. दोन हातांत मावेल एवढी मोळी झाली आहे. कागद करायचा कसा?

उत्तर: या प्रश्नाची मी वाट पाहत होते.

छड्या अंगठ्याएवढ्या जाड, एका वर्षाच्या हव्यात. भांड्यात मावतील अशा तुकड्यांत कापा आणि झाकण घालून तास-दीड तास वाफवा. कापलेल्या टोकाशी साल मागे सरकून पांढरं लाकूड दिसू लागलं की झालं. गरम असतानाच सोला, एका ओढीत साल हातात येते. गार झाली की चिकटून बसते. लाकूड बाजूला ठेवा, आपल्याला साल हवी.

सालीच्या बाहेरच्या तपकिरी थराखाली हिरवट आणि त्याखाली पांढरा थर असतो. रात्रभर भिजवून बोथट सुरीने वरचे थर खरवडा. हे कंटाळवाणं आहे, माझे तर दोन दिवस जातात, पण घाई केलीत तर प्रत्येक तपकिरी ठिपका पुढे कागदात दिसेल. एवढ्या मोळीतून मूठभर पांढरी साल निघते. निराश होऊ नका, तेवढीच निघते.

वाळलेल्या सालीचं वजन करा आणि त्याच्या पाचव्या हिश्श्याएवढा धुण्याचा सोडा पाण्यात घालून ती दोन-तीन तास उकळा. खायचा सोडा पुरेसा तीव्र नसतो. भांडं स्टीलचं घ्या, ॲल्युमिनियमला सोडा खातो. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. चिमटीत धरून ओढल्यावर धागा विनासायास सुटला की भरपूर पाण्यात स्वच्छ धुवा आणि लाकडी फळीवर लाकडी मोगरीने ठोका. मिक्सरचा मोह होईल, मलाही झाला होता. पण या झाडाचं सगळं मोल त्याच्या लांब धाग्यात आहे. मिक्सर तो तोडतो आणि कागद दुबळा होतो. अर्धा-पाऊण तास ठोका, मग चिमूटभर लगदा बरणीभर पाण्यात हलवून पाहा. गुठळी न राहता धागे धुक्यासारखे पसरले पाहिजेत.

आता पाण्याच्या टबात लगदा सोडा आणि त्यात चिकट पाणी मिसळा. जपानमध्ये तोरोरो-आओई या वनस्पतीच्या मुळांचा बुळबुळीत रस वापरतात. ती भेंडीची नातलग आहे आणि घरी भेंडी ठेचून गाळलेलं पाणी चालतं. ते डिंकासारखं चिकटवण्यासाठी नसतं. त्याने धागे तळाशी न बसता तरंगत राहतात आणि जाळीतून पाणी सावकाश उतरतं, म्हणून कागद सगळीकडे सारखा येतो. चौकटीला ताणलेली बारीक जाळी बुडवून वर उचला, पाणी निथळू द्या, ओला ताव कापडावर उलटा करा, वर दुसरं कापड ठेवून वजनाखाली दाबा आणि मग गुळगुळीत फळीवर ब्रशने चिकटवून वाळवा. जपानी वाशी कागद मुळात याच पद्धतीने होतो. ही कारागिरी 2014 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली.

माझ्या पहिल्या मोळीतून अकरा ताव निघाले. त्यातले चार जाळीवरच फाटले. उरलेल्यांपैकी एकावर मी शाईने पत्र लिहिलं होतं. तेरा वर्षांनी ते घडीवर फाटलेलं नाही.

सगळं एका दमात करायचं नसेल तर सोललेली साल जुड्या बांधून सावलीत वाळवा, ती पुढच्या हिवाळ्यापर्यंत सहज राहते. पहिला ताव झाला की त्याचा तुकडा मला पाठवा. कडा वेड्यावाकड्या असल्या तरी चालतील.