'वकिली' की 'पाठपुरावा'?

गोव्यातल्या केप्यातून एका वाचकांनी विचारलंय: "आमची संस्था गावडा, कुणबी, वेळीप समाजांत काम करते. मराठी अहवालात 'आदिवासींची सांस्कृतिकदृष्ट्या प्रतिसादात्मक वकिली' असं छापून आलंय. 'वकिली' चालेल का?"

वकिली चालेल. 'प्रतिसादात्मक' मात्र काढाच. 'रीतभात सांभाळून' एवढं पुरे.

वकील म्हटलं की आज काळा कोट दिसतो. (गोव्यात पोर्तुगीज अमदानीत त्याला 'आवोगाद' हा शब्द होता.) पेशवाईत मात्र वकील म्हणजे धन्याने दुसऱ्याच्या दरबारी पाठवलेला माणूस. बोलायचं ते धन्याच्या वतीने. तुम्हाला हाच अर्थ हवा आहे. वकीलपत्राशिवाय वकील उभा राहत नाही, तेव्हा तुम्हाला गावाने पाठवलंय का, हे आधी पाहायला हवं. 'कैवार' मला म्हणूनच खटकतो. तो न विचारता घेता येतो, आणि घेणारा बहुधा वरच्या पायरीवर उभा असतो.

कचेरीतल्या खेपांना 'पाठपुरावा' म्हणा. उदाहरणार्थ वन हक्कांचे दावे. 2006 च्या वन हक्क कायद्याखालच्या नियमांत सरकारी कागदांबरोबर गावातल्या वडीलधाऱ्यांचं लिहून घेतलेलं कथनही पुरावा म्हणून चालतं. सामूहिक दाव्यात गुरांची चराई, पवित्र झाडं, देवराई यांचीही गणना होते. मग म्हातारा 'देवाची राय' म्हणाला तर कागदावर 'देवाची राय'च हवं. त्याचा 'हरित पट्टा' केलात की वाक्य गुळगुळीत होईल आणि दाव्यातला दम जाईल. कुमेरीच्या (डोंगरउतारावर झाडी तोडून-जाळून केलेल्या फिरत्या) शेताला नुसतं 'अतिक्रमण' लिहिणं तर त्याहून वाईट, कारण तिथे तुम्ही समोरच्या पक्षाचे वकील झालात.

राहिला 'आदिवासी'. गोव्यात गावडा, कुणबी आणि वेळीप यांना 2003 साली अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. अर्जात तोच शब्द लिहा, एरवी त्या त्या समाजाचं नाव. अहवाल मुंबई-पुण्याला जाणार असेल तर 'कुणबी'पाशी एक ओळ जरूर घाला, कारण महाराष्ट्रात कुणबी इतर मागासवर्गात मोडतात आणि तिकडचा वाचक हमखास गोंधळतो. धनगर 2003 च्या यादीत नव्हते. मागणी त्यांचीही आहे. त्यांच्या वस्त्यांवर काम असेल तर 'जमाती' या एका शब्दात त्यांना गुंडाळू नका, नाव वेगळं घ्या.